पत्रिका विंडोजवर, बाकीचा संसार लिनक्सवर : इंदूरच्या एका वधू-वर सूचक मंडळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मंडळ म्हणजे इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या एका घराची पुढची खोली. दोन टेबले, एक लोखंडी कपाट, भिंतीवर पंचांगाचे कॅलेंडर. चालवणारे नवरा-बायको दोघेच. त्यांना इथे काका आणि काकू म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. काका पत्रिका जुळवतात आणि फोन घेतात. काकूंची सगळी नोकरी सरकारी कार्यालयात टंकलेखनात गेली, त्यामुळे मंडळाचे लिखाण त्यांच्याकडे. दर महिन्याला एक यादी छापून निघते : नाव, शिक्षण, गोत्र, नाडी, अपेक्षा. इंदूरखेरीज देवास, उज्जैन, धारकडची मराठी घरेही ती नेतात.

यंत्रे दोन, दोन्हींवर विंडोज १०. काकूंचा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या कोअर आय-३ चा, ४ जीबी रॅमचा. काकांचा लॅपटॉप थोडा अलीकडचा, पण तोही जुनाच. या दोघांत मिळून तीन गोष्टी होत्या आणि पुढचे सगळे प्रकरण त्यांच्याभोवतीच फिरते.

पहिली, याद्या. त्या वर्डमध्ये, कृतिदेव फॉन्टात. पुण्यात हेच काम कदाचित श्रीलिपीत झाले असते, पण मध्य प्रदेशात हिंदी टायपिंग म्हणजे रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टंकयंत्राचा कळफलक, आणि कृतिदेव, आणि काकूंची बोटे त्यावरच घडलेली. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे जागतिक मानक. कृतिदेव हा त्या चालीचा फॉन्ट नाही. त्यात ‘मराठी’ टंकले की फाइलमध्ये देवनागरी काही साठत नाही. ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे साठतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की रोमन खिचडी दिसते.

दुसरी, फोटो. ते लॅपटॉपच्या ‘डी’ ड्राइव्हवर, प्रत्येक फाइलला उमेदवाराचा नोंदणी क्रमांक दिलेला. तिसरी, पत्रिकेचा प्रोग्रॅम. तो डेस्कटॉपवर, फक्त विंडोजवर चालणारा, आणि सोबत यूएसबीत खुपसायचे डोंगल. डोंगल नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही.

अडचण कशी सुरू झाली

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार होता. म्हणजे यंत्र बंद पडणार नव्हते, पण सुरक्षेची अद्यतने थांबणार होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. दोन्ही यंत्रे त्यात बसत नव्हती. मंडळाकडे लोकांचे पत्ते, जन्मवेळा, पगार, मुलींचे फोटो. असे यंत्र उघडे ठेवून इंटरनेटवर फिरवणे बरे नाही, एवढे काकांना पटलेले होते.

त्यात दसऱ्याला भाचा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, हुशार, मदतीला तयार. “मामा, लिनक्स टाकून देतो, फुकट आहे आणि व्हायरस येत नाही.” लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी यंत्र चालवणारी व्यवस्था; काली, मिंट, उबंटू असे तिचे अनेक प्रकार आहेत. त्याच्या हॉस्टेलवर जे सगळे वापरत तेच त्याने आणले, काली लिनक्स. काली डेबियन नावाच्या लिनक्सवर बांधलेले आहे आणि उत्तम आहे, पण ते सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी आहे. लिनक्सची ओळख नसलेल्यांनी इथून सुरुवात करू नये असे कालीचे स्वतःचेच दस्तऐवज सांगतात. विद्यार्थ्यांना त्याचे आकर्षण का, हे सांगायला नको : काळा पडदा, ड्रॅगन आणि ‘हॅकर’ हा शब्द.

लॅपटॉपवर ते बसवताना इन्स्टॉलरने विचारले, डिस्कचे काय करू? भाच्याने ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निवडला. त्याच्या मनात ‘सी’ ड्राइव्ह होता. विंडोजमध्ये ‘सी’ आणि ‘डी’ दोन वेगळे दिसतात, पण त्या लॅपटॉपमध्ये ती एकाच डिस्कची दोन दालने होती. इन्स्टॉलरला डिस्क एकच दिसली आणि त्याने सांगितले तसे केले. फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

काकांना दोन दिवस हे कळलेही नाही. नव्या पडद्यावर ‘डी’ सापडत नाही, तर ते कुठेतरी आत असेल अशी त्यांची समजूत. तोवर ब्राउझर चालू होता, चार व्हिडिओ पाहून झाले होते. तुळशीचे लग्न महिन्यावर आले होते आणि त्यानंतर मंडळाचा हंगाम सुरू होतो.

पहिला निर्णय : डिस्क कोणाच्या हातात द्यायची

माझ्याकडे फोन आला तेव्हा पहिले सांगणे एवढेच होते की लॅपटॉप बंद करा आणि उघडू नका. काढून टाकलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले की मग ती खरी जाते. यंत्र चालू राहिले की लिहिणे चालूच राहते.

पर्याय दोन होते. डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानात डिस्क देणे, किंवा घरीच प्रयत्न करणे. भाच्याचा कल दुकानाकडे होता, कदाचित धास्तीमुळे. काकूंनी साफ नकार दिला. लोकांच्या मुलींचे फोटो अनोळखी माणसाच्या यंत्रावर जाणार नाहीत, गेले ते गेले तरी चालेल. तांत्रिक बाजूने पाहिले तर डिस्क यांत्रिकदृष्ट्या धडधाकट होती, म्हणून घरी प्रयत्न करण्यात धोका कमी होता. डिस्कमधून खडखड आवाज येत असता तर मीही दुकानाचाच सल्ला दिला असता. एक नशीबही होते : ती फिरणारी हार्ड डिस्क होती. एसएसडी असती तर ‘ट्रिम’ या सोयीमुळे मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच पुसून टाकते, आणि बहुधा काहीच हाती लागले नसते.

दुसऱ्या यंत्रावर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह बनवला, त्यावरून लॅपटॉप चालू केला. अशा ‘लाइव्ह’ पद्धतीत आतल्या डिस्कवर काही लिहिले जात नाही. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत बाहेरच्या मोठ्या डिस्कवर घेतली आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर केले. टेस्टडिस्क नावाचा मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असा, प्रोग्रॅम हरवलेली दालने शोधतो. त्याला जुने ‘डी’ दिसले, पण फाइलींची यादी जागोजागी तुटलेली होती, कारण नव्या फाइल व्यवस्थेने आपल्या नोंदी डिस्कभर पेरल्या होत्या. थोडे फोटो नावासकट मिळाले. उरलेल्यांसाठी त्याचाच जोडीदार, फोटोरेक, वापरावा लागला. फोटोरेक यादीकडे पाहतच नाही. डिस्कवर थेट फोटोची खूण कुठे सुरू होते ते शोधतो आणि तिथून उचलतो. फोटो येतो, नाव येत नाही.

आणि इथे मंडळाच्या दृष्टीने खरी पंचाईत झाली. हजारो चित्रे, नावाच्या जागी नुसते आकडे. ब्राउझरने साठवलेली बटणे, बातम्यांतली चित्रे, कोणाच्या तरी बारशाचे फोटो, आणि त्यांच्यात मिसळलेले उमेदवार. आकाराने लहान चित्रे आधी बाजूला केली, तेव्हा ढीग बराच उतरला. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तारीख दडलेली असते, तिच्यावरून नोंदणीच्या वहीशी मेळ घालता आला. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंतून ती माहिती आधीच गळालेली असते, आणि अलीकडचे बहुतेक फोटो तसेच आले होते.

दुसरी गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. लग्न जमले की फोटो काढून टाकू, असा मंडळाचा शब्द असतो आणि काकू तो पाळत. फोटोरेकने ते काढून टाकलेले फोटोही परत आणले. संसाराला लागलेल्या मुली, मोडलेली स्थळे, पुन्हा नाव नको म्हणून सांगून गेलेली मुले. भाचा म्हणाला, मी आणि माझा मित्र मिळून एका रात्रीत लावून टाकतो. काकूंनी तेही नाकारले. त्यांनी एकट्यांनी, दुपारी जेवणे झाल्यावर, वही समोर ठेवून फोटो ओळखले. जे सध्याच्या यादीतले होते ते क्रमांक देऊन ठेवले, बाकीचे काढले आणि शेवटी बाहेरची डिस्क सगळी शून्यांनी भरून पुसली. जे ओळखता आले नाहीत त्या घरांना फोन करून फोटो पुन्हा मागवले. मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय हाच होता, आणि त्याचा लिनक्सशी काही संबंध नव्हता.

पुढे काय : तोललेले पर्याय

लॅपटॉप आता रिकामा होता. डेस्कटॉप विंडोज १० वर. दिवाळी तोंडावर.

दोन नवी यंत्रे घेणे हा सर्वांत सोपा पर्याय होता आणि तो कोणी हसण्यावारी नेला नाही. पण दोन्ही यंत्रे या कामाला पुरत होती, आणि नव्या यंत्रावरही कृतिदेवचा आणि डोंगलचा प्रश्न तसाच राहणार होता. विंडोज ११ ची अट चुकवून ते जुन्या यंत्रावर चढवण्याच्या युक्त्याही आहेत. मात्र तशा यंत्रांना अद्यतने मिळत राहतील अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी खटाटोप तेच अधांतरी.

सगळे एकदम लिनक्सवर नेणे हा भाच्याचा आग्रह होता. या वेळी काली नको, हे त्यालाही मान्य होते. मी त्याला काकूंच्या कामाची यादी करायला सांगितले : त्या दिवसभरात कोणकोणते प्रोग्रॅम उघडतात आणि त्यांतून काय बाहेर पडते. यादी छोटी निघाली. वर्ड, पत्रिकेचा प्रोग्रॅम, ब्राउझर, फोटो पाहणे, छपाई. ब्राउझर आणि फोटो यांना काहीच अडचण नव्हती. बाकी तिन्हींना होती.

नवखा माणूस लिनक्सकडे वळताना कोणते लिनक्स घ्यावे यावर डोके खपवतो. उबंटू की मिंट की फेडोरा. या मंडळात तो प्रश्न अर्ध्या तासात सुटला. जे आपली लिपी, आपला कळफलक आणि आपला प्रिंटर यांत अडकलेले असते, ते कुठल्याही लिनक्सवर तितकेच अडकते. म्हणून क्रम उलटा धरायचे ठरले : आधी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग विंडोजवरच नवे प्रोग्रॅम वापरून हात बसवायचा, आणि खालची व्यवस्था सर्वांत शेवटी बदलायची.

यासाठी वेळ हवा होता. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली होती. डेस्कटॉप त्यात नोंदवला. लिनक्सचे काही कट्टर लोक याला शरणागती म्हणतील. म्हणोत; हंगामात टंकणाऱ्या बाईच्या बोटांखालून कळफलक ओढून घेण्यापेक्षा हे बरे. मोठा बदल पौषात करायचा असेही ठरले. पौषात कार्ये नसतात, मंडळाचा फोन थंड असतो.

हंगामातले काम : लिपी आणि बोटे

डेस्कटॉपवर विंडोजमध्येच वर्डच्या जागी लिब्रेऑफिस आणि ब्राउझर म्हणून फायरफॉक्स बसवले. दोन्ही लिनक्सवर जसेच्या तसे मिळतात.

याद्यांचे युनिकोड करणे वाटले त्यापेक्षा किचकट निघाले. कृतिदेव ते युनिकोड करणारे कन्व्हर्टर खूप मिळतात. मजकूर चिकटवा, बटण दाबा. पण यादीत मराठीबरोबर ईमेलचे पत्ते आणि पदव्याही होत्या, त्या साध्या इंग्रजी फॉन्टात. नुसता मजकूर उचलला की फॉन्टची माहिती मागे राहते, आणि कन्व्हर्टर ईमेलचेही देवनागरी करून टाकतो. एका मुलाच्या पदवीचे असे काही झाले होते की वाचून काकूंना हसू आवरेना. शेवटी भाच्याने लिब्रेऑफिससाठी पायथॉन भाषेत एक मॅक्रो, म्हणजे ठरलेले काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. तो परिच्छेदातल्या तुकड्या-तुकड्याचा फॉन्ट पाहतो आणि कृतिदेव असेल तेवढाच तुकडा बदलतो. पोराने इथे खरेच चांगले काम केले, हे नोंदवलेच पाहिजे.

तरी तपासणी हाताने करावी लागली. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफाराचे याच्या उलट. कन्व्हर्टर हे सहसा सांभाळतात, पण जोडाक्षर मोठे असले की घसरतात. शिवाय हे कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले. ‘दुसऱ्या’, ‘नोकरी करणाऱ्या’ यांतला अर्धचंद्री र हिंदीत लागत नाही. काकूंनीही इतकी वर्षे तिथे रफारच देऊन भागवले होते. युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळे अक्षर आहे, त्याला हलन्त आणि ‘य’ जोडला की रूप बरोबर येते. मग शोधा-आणि-बदला करून ते सगळीकडे सुधारले. अडनावांवर मात्र कोणीही आपोआप हात फिरवू दिला नाही. प्रत्येक अडनाव वहीशी ताडून पाहिले.

कळफलकावरून मामी-भाच्यात वाद झाला. भाचा म्हणे, इनस्क्रिप्ट शिका, ते भारताचे मानक आहे, किंवा रोमनमध्ये टंका. दोन्ही मुद्दे चुकीचे नाहीत. पण काकू पडद्याकडे न पाहता टंकतात. त्यांच्यासाठी युनिकोडमध्ये रेमिंग्टनची मांडणी लावली, जी विंडोजवरही मिळते आणि लिनक्सवर आयबस या टंकलेखनाच्या सोयीच्या एम-१७-एन संचातही. सुरुवातीला वेग पडला, काही जोडाक्षरांच्या कळा वेगळ्या होत्या. मार्गशीर्ष संपेपर्यंत यादी पूर्वीच्या वेळेत निघू लागली. काका मात्र रोमनमध्ये टंकून मराठी उमटवतात, त्यांना तेच सोपे जाते.

या काळात काकांचा लॅपटॉप मिंटवर आला. मिंटची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर बांधलेली आहे आणि २०२९ पर्यंत तिला आधार आहे. कमी रॅमसाठी तिची एक्सएफसीई आवृत्ती घेतली. काकांच्या तक्रारी फार नव्हत्या : फाइलींच्या खिडकीत ‘सी’ दिसत नाही, आणि मधूनमधून पासवर्ड का विचारतो. दुसरी तक्रार त्यांनी स्वतःच सोडवली. बँकेत दोन किल्ल्यांशिवाय तिजोरी उघडत नसे, तसेच हे, म्हणाले.

एक चूक मात्र वेळेत सापडली. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते. ती व्यवस्थेची प्रत ठेवते, म्हणजे एखादे अद्यतन बिघडले तर मागे जाता येते. आपल्या याद्या आणि फोटोही त्यात जातात असे काकांनी गृहीत धरले होते. मुळात टाइमशिफ्ट वापरणाऱ्याच्या घरातल्या फाइली वगळते. एक फाइल मुद्दाम पुसून ती परत आणायला सांगितली, तेव्हा ती आली नाही. त्या दिवसापासून फायलींच्या प्रती दोन बाहेरच्या डिस्कवर जातात, त्यांतली एक मुलीच्या घरी असते.

पौषातले काम : प्रिंटर, डोंगल आणि घड्याळ

डेस्कटॉपसाठी एक छोटी एसएसडी आणली. जुनी डिस्क, तिच्यावरचे विंडोज आणि पत्रिकेचा प्रोग्रॅम यांना हात लावायचा नाही, असे ठरले. मिंट बसवताना जुन्या डिस्कची केबलच काढून ठेवली. दसऱ्याचा अनुभव ताजा होता. मिंट एसएसडीवर गेले, मग केबल परत लावली. यंत्र चालू करताना एक कळ दाबून कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते निवडता येते.

पत्रिकेचा प्रोग्रॅम लिनक्सवरच चालतो का, हे आधी पाहिले होते. वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे पुष्कळ प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात. हाही बसला, उघडला, आणि डोंगल सापडत नाही म्हणून मिटला. मुक्त स्रोतातले पत्रिकेचे प्रोग्रॅमही पाहिले. काकांना हवी तशी ३६ गुणांच्या मेलनाची मराठी छापील पत्रिका त्यांच्यातून मिळाली नाही. काकांनी लगेच मान्य केले की पत्रिकेपुरते विंडोज राहील, फक्त त्याला इंटरनेट द्यायचे नाही. फायदा असा की आधार संपलेले विंडोज असे ठेवायला फारशी भीती उरत नाही.

प्रिंटरने छळले. जुना लेझर प्रिंटर, चांगला चालणारा, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला प्रिंटरशी जोडणारा प्रोग्रॅम, बंदिस्त आणि कंपनीने कधीच सोडून दिलेला. भाच्याने त्यावर दोन रात्री घालवल्या. एक पान निघे, दुसऱ्याला गप्प. कुठे थांबायचे हा इथला निर्णय होता. यादी छापणे हे मंडळाचे मुख्य काम. ते एखाद्याच्या चिकाटीवर टांगून ठेवता येत नाही. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून वापरलेला एचपीचा प्रिंटर घेतला. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांसाठी एचपीलिप हा मुक्त स्रोत ड्रायव्हर आहे. तरीही काका लॅपटॉप दुकानात घेऊन गेले आणि तिथेच मिंटवरून दोन पाने छापून पाहिल्यावर पैसे दिले. दुकानदाराला गंमत वाटली म्हणे.

घड्याळाची गोष्ट मात्र कोणाच्याही यादीत नव्हती. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, एक गृहस्थ प्रश्न घेऊन आले. काकांनी डेस्कटॉप विंडोजवर चालू केला आणि त्या क्षणाची कुंडली मांडली. प्रोग्रॅम यंत्राच्या घड्याळावरून वेळ घेतो. काका पाहतात तो रवी दशमात, म्हणजे कुंडलीच्या दहाव्या स्थानात. सूर्य मावळत असताना रवी सप्तमाच्या आसपास असायला हवा. दशमात असतो तो भर दुपारी. त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. यंत्र साडेपाच तास मागे होते.

कारण साधे आहे. यंत्रातल्या बॅटरीवरच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. विंडोज त्याच घड्याळाला भारतीय वेळ समजते. इंटरनेट असते तर विंडोजने स्वतःला दुरुस्त करून घेतले असते, पण ते आपणच तोडले होते. मिंटमध्ये एक आज्ञा देऊन घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले आणि प्रश्न मिटला. लग्नरास, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांना बदलते, तेव्हा साडेपाच तासांत काय झाले असते ते ज्योतिष मानणाऱ्याला सांगायला नको. न मानणाऱ्यालाही हे पटावे की चूक पकडली ती विषय जाणणाऱ्या माणसाने. भाच्याला ती दिसली नसती, मलाही नाही.

निष्पत्ती

माघाची यादी पूर्णपणे मिंटवरून निघाली. उमेदवारांची माहिती आता लिब्रेऑफिस कॅल्कच्या तक्त्यात असते आणि रायटरमध्ये ती यादीच्या साच्यात ओतली जाते, त्यामुळे वय किंवा पत्ता एकाच ठिकाणी बदलावा लागतो. पूर्वी गोत्र शोधायचे तर काकू पाने उलटत. युनिकोड झाल्यावर शोध चालतो. मजकुराची भाषा मराठी अशी नेमून नोटो फॉन्ट वापरला, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. काकूंना सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट हीच.

जमेच्या बाजूला एवढे. दुसऱ्या बाजूला : काही फोटो कायमचे गेले, काही घरांना दुसऱ्यांदा फोटो मागताना मंडळाला ओशाळे व्हावे लागले, आणि एका घराने नाव काढून घेतले. पत्रिकेसाठी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे लागते, याचा काकांना कंटाळा येतो. जुन्या लग्नपत्रिकांचे, पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या जुन्या प्रोग्रॅममधले नमुने लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, पण मांडणी हलते. ते तसेच ठेवून दिले आहेत.

वेगळे काय करता आले असते

फोटोंची दुसरी प्रत असती तर प्रकरण निम्मे झाले असते, हे उघड आहे. त्याहून कमी उघड असे : भाच्याने काली निवडले म्हणून बिघडले असे घरात सगळे म्हणतात, आणि ते तितकेसे खरे नाही. मिंटच्या इन्स्टॉलरमध्येही सगळी डिस्क पुसण्याचा पर्याय समोरच असतो. पहिल्या दिवशी पेनड्राइव्हवरून नुसते चालवून पाहिले असते तर वाय-फाय, आवाज आणि कदाचित प्रिंटरचाही स्वभाव कळला असता, आणि डिस्कला धक्का लागला नसता.

प्रिंटर आधी तपासायला हवा होता. तो पौषापर्यंत कोणी तपासला नाही, कारण हंगामात तो विंडोजवर व्यवस्थित चालत होता. लाइव्ह पेनड्राइव्हवरून एक पान छापून पाहायला पाच मिनिटे लागली असती, आणि भाच्याच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

दोन यंत्रे असताना एकाच डेस्कटॉपवर दोन व्यवस्था ठेवण्याचा निर्णयही वादाचा आहे. लॅपटॉप पत्रिकेला देऊन डेस्कटॉप निव्वळ मिंटवर ठेवता आला असता. मग घड्याळाचा घोळ झालाच नसता. पण प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर बसवायचा तर विकणाऱ्याकडून नवी परवानगी लागली असती, आणि विकणाऱ्याने नवीन आवृत्ती घ्या असे सांगितले. ती नवी आवृत्ती विंडोज ११ मागते.

डोंगल गेले तर काय, याला सध्या उत्तर नाही. तोवर काका प्रत्येक जुळवलेल्या पत्रिकेची पीडीएफ करून मिंटच्या बाजूला ठेवतात, आणि जुन्या पत्रिका भाचा सुट्टीत आला की थोड्या थोड्या करून काढतो.